आधी जाऊबाईंकडे जाऊन ये

रोज रात्री जेवणाआधी आमच्या घरी दहा मिनिटे प्रार्थना असते. तुमच्याकडे तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लावून मुलांना हात जोडायला बसवतात ना, तसेच काहीसे. 'उपासना संगीत'मधले एखादे गीत (बहुधा रेव्हरंड टिळकांचे), शास्त्रातला छोटासा उतारा, आणि मग घरातल्या कुणीतरी एकाने करायची प्रार्थना. मागे एकदा माझी पाळी होती. मी डोळे मिटून अगदी मनापासून म्हणाले, "हे प्रभू, या घरातल्या मुलांना ओले टॉवेल गादीवर न टाकण्याची बुद्धी दे, आणि मोठ्यांना सांगितलेल्या वेळेला घरी येण्याची." आमेन म्हणून डोळे उघडले, तर हे गालातल्या गालात हसत होते आणि आमची धाकटी गंभीर चेहऱ्याने विचारत होती, "आई, हे तू देवाला सांगत होतीस की बाबांना?"

हसू नका मैत्रिणींनो! तुमच्यापैकी कितीजणींनी नवस बोलताना शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढा आवाज चढवला आहे, ते आठवून बघा.

त्या दिवशी मीही हसण्यावारी नेले. पण याच पोरीने पुढे आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो काही हसण्यावारी नेता आला नाही. तो सांगण्यासाठीच आज लिहायला बसले आहे. त्याआधी थोडी घरातली गोष्ट सांगायला हवी.

माझ्या सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, आणि दवाखान्यातून त्यांना आम्ही आमच्याकडे आणले. सात महिने त्या आमच्याकडे होत्या. मी सकाळी शाळेत चार तास शिकवते. निघण्याआधी त्यांचे सगळे करायचे, आल्यावर पुन्हा करायचे. केले मी. मनापासून केले, असेच मला वाटत होते. मग एक दिवस देवळातल्या महिला मंडळात, चारचौघींच्या देखत, माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "नोकरीवाल्या बायकांचं काय, त्यांना सासू म्हणजे ओझंच."

एवढेच वाक्य. पण मी ते तीन वर्षे जपून ठेवले. आपण बायका जुन्या साडीची जर जशी जपून ठेवतो, तसे! आम्ही भांडलो नाही. ख्रिस्ती घराण्यातल्या सुशिक्षित सुना, भांडणार कशा? "हो", "नाही", "बरं" एवढ्यावर तीन वर्षे काढली. नाताळात करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांचे ताट माझ्याकडून तिकडे जायचे, तिकडून इकडे यायचे. ताट रिकामे परत पाठवू नये म्हणून त्यात साखरही घातलेली असायची. ताटे बोलत होती, आम्ही बोलत नव्हतो.

आणि या तीन वर्षांत मी रविवारच्या शाळेत मुलांना काय शिकवीत होते? पेत्राने प्रभूला विचारले, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? आणि प्रभूने सांगितले, साताची सत्तरपट. चारशे नव्वद, असा गुणाकारही मी फळ्यावर करून दाखवला होता.

शेवटी शेवटी सासूबाईंना वाचता येईना, म्हणून दुपारी मी त्यांना शास्त्र वाचून दाखवायची. एकदा मध्येच मला थांबवून त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघी बोलता ना गं एकमेकींशी?" मी म्हटले, "बोलतो की आई." शास्त्र मांडीवर उघडे होते. त्यानंतर पंधरा दिवसांनी त्या गेल्या.

आमच्या देवळात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू आपल्या शिष्यांबरोबर शेवटचे जेवला, त्याची ही आठवण. भाकरीचा लहानसा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस. त्या रविवारी पाळकांनी मत्तयाच्या पाचव्या अध्यायातला, डोंगरावरच्या प्रवचनातला उतारा घेतला होता. लहानपणापासून ऐकलेला. तू वेदीपाशी आपले अर्पण घेऊन आलास, आणि तिथे तुला आठवले की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच राहू दे. आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, आणि मग ये.

पाळक पुढे बरेच बोलले, पण मी एका जागी अडकून पडले होते. 'त्याच्या मनात तुझ्याविषयी'! माझ्या मनात त्याच्याविषयी काय आहे, हे तिथे विचारलेलेच नाही. मी तीन वर्षे हिशेब मांडला तो त्यांनी माझे काय केले याचा. त्यांच्या वहीत माझ्या नावावर काही लिहिलेले असेल, हा विचार मला शिवला नव्हता.

ताट आमच्या बाकापर्यंत आले. माझा हात पुढे होईना. मी ताट तसेच पुढे दिले. धाकटी अजून लहान, तिला प्रभुभोजन मिळत नाही; पण तिचे डोळे सगळीकडे असतात. घरी येताना रिक्षात विचारलेच तिने, "आई, तू का नाही घेतलंस? तू काय केलंस?"

'तुला काय झालंय' असे तिने विचारले नाही बरं का. 'तू काय केलंस' असे विचारले.

घरी आल्यावर मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढून बसले. मला काही सुचेनासे झाले की मी ते पुस्तक काढते. तुमच्यातल्या कित्येकींनी ते वाचले असेल. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झाले. बाईंचे शिक्षण म्हणाल तर जेमतेम, अक्षरओळखसुद्धा टिळकांनी करून दिलेली. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. सोवळ्याओवळ्याचे विलक्षण वेड असलेल्या वडिलांची ही मुलगी! काही वर्षे दोघे दुरावले. मग त्या परत आल्या. पण आल्या म्हणजे लगेच ख्रिस्ती झाल्या असे नाही. आधी विटाळ सुटला, कुणाच्याही हातचे पाणी चालू लागले, आणि बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. माणसांमधली भिंत आधी पडली, देवाचे नाव मागाहून लागले. आणि बाप्तिस्म्यानंतरही नवरा-बायकोची भांडणे काही संपली नाहीत. टिळकांचा तापट स्वभाव, हातात पैसा न टिकणे, सगळे त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. स्वतःलाही त्या सोडत नाहीत. संत झाल्याचा आव कुठेही नाही.

पंडिता रमाबाईंचेही तसेच. बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. पण आपल्याला धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त काही वर्षांनंतर भेटला, अशा अर्थाचे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. एवढी विदुषी, पुढे केडगावला शेकडो अनाथ मुलींची आई झालेली! तिला जर वर्षे लागली, तर मी जन्माने ख्रिस्ती म्हणून सगळे आयते मिळाले असे मी कशाच्या जोरावर धरून चालले होते?

तरी जायला मला अकरा दिवस लागले. कधी वह्या तपासायच्या होत्या, कधी पाहुणे, कधी पाऊस.

गेले तेव्हा जाऊबाई ओसरीत गहू निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि अर्धा ढीग माझ्याकडे ओढला. हाताला काम असले की बरे असते. वाटेत चार वेळा घोकलेले वाक्य मी म्हटले, "वहिनी, माझं काही चुकलं असेल तर..."

"असेल तर म्हणजे?" त्या मान वर न करता म्हणाल्या.

बी. ए. ला व्याकरण शिकले मी, पण 'असेल तर' या दोन शब्दांत केवढी पळवाट असते ते मला त्यांनी शिकवले.

मग त्या बोलल्या. थांबून थांबून, मधेच खडा वेचून बाजूला टाकत. दवाखान्यातून आईंना न्यायचे ठरले तेव्हा त्यांना कुणी विचारलेसुद्धा नव्हते. त्यांचे घर तळमजल्यावर, आमचे पहिल्या मजल्यावर. आईंची खोली त्यांनी झाडून-पुसून तयार ठेवली होती, नवी चादर घातली होती. आणि आम्ही दवाखान्यातूनच परस्पर आईंना आमच्याकडे घेऊन गेलो. नंतर बाजारात, देवळात जो तो विचारू लागला, सासूला धाकटीकडे टाकलंत का? "तू सेवा केलीस, नाव झालं. आणि माझं?" त्या म्हणाल्या. महिला मंडळातले ते वाक्य कुठून आले होते ते मला तेव्हा कळले.

मला म्हणायचे होते, अहो वहिनी, ते तर यांनी आणि भाऊजींनी ठरवले. ते खरेही होते. पण मी गप्प बसले. सात महिने मी सेवा करत होते ती मनात एक जमाखर्चाची वही ठेवून. आणि ती वही त्यांना दिसत होती, मला दिसत नव्हती. करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात पौलाने प्रीतीविषयी जे लिहिले आहे ते आमच्या लग्नांत हमखास वाचतात. प्रीती कुणाची उणीदुणी मोजून ठेवत नाही, असे त्यात आहे. माझ्याही लग्नात वाचले होते. त्या दिवशी माझे सगळे लक्ष अंबाड्याच्या पिना टोचत होत्या तिकडे होते!

"माझं चुकलं," मी म्हटले. 'असेल तर' गाळून.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आईंनी मला विचारलं होतं. तुम्ही दोघी बोलता ना म्हणून. मी हो म्हणाले."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मी सांगितलेले खोटे त्यांनीही सांगितले होते. एकाच म्हातारीला, आणि बहुधा तिच्या त्याच शेवटच्या महिन्यात. आम्ही गळ्यात पडून रडलो वगैरे काही नाही. त्या उठल्या, "चहा टाकते" म्हणाल्या आणि आत गेल्या. आत गेल्यावर मात्र भांडी जरा जास्तच वेळ वाजत होती.

इथे मला थोडे आडवाटेला जाऊन एक सांगू द्या. क्षमा म्हटली की आपल्याकडे, मग घर कुठल्याही धर्माचे असो, ती बाईच्याच पदरात टाकतात. सोडून दे, सहन कर, वधस्तंभ वाहा. हे मला मान्य नाही. माझ्या गोष्टीत दुखावलेला होता तो दोघींचा मान. ज्या घरात बाईवर हात टाकला जातो, तिथे 'साताची सत्तरपट' सांगणारा माणूस शास्त्राचा गैरवापर करतो. समेटासाठी आधी कबुली लागते, आणि मारणारा कबुली देत नसतो. आमच्या समाजातल्या बायकांना तर कायद्यानेही फार वर्षे हात दिला नाही. १८६९ च्या घटस्फोट कायद्याप्रमाणे नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरायचे. बायकोने मात्र व्यभिचाराच्या जोडीला छळ किंवा त्यागही सिद्ध करायचा! २००१ च्या दुरुस्तीनंतर दोघांना कारणे सारखी झाली. घरातल्या मारहाणीविरुद्ध २००५ चा कायदा आहे, तो सर्वच धर्मांच्या बायकांसाठी आहे. तेव्हा अशी कुणी मैत्रीण असेल तर तिने आधी मदत मागावी. क्षमेचे मागाहून, तिच्या सवडीने बघता येईल.

माझे म्हणाल तर सगळे सुरळीत झाले असे नाही. दोनच महिन्यांनी आईंच्या पाटल्यांवरून पुन्हा जराशी ठिणगी उडाली. पण या खेपेला मी तीन वर्षे थांबले नाही, तिसऱ्या दिवशी गेले. प्रार्थनेतही थोडा फरक पडला आहे. टॉवेलांचे मी आता सरळ मुलांनाच सांगते, आणि यांना यायला उशीर झाला तर यांना. देवाशी बोलायला मग फारसे उरतच नाही. कधीकधी मी नुसतीच बसते. त्या गप्प बसण्याची मला आधी भीती वाटायची, आता वाटत नाही.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी प्रभुभोजन घेतले. जाऊबाई दोन बाके पुढे होत्या. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. नाताळात माझे ताट गेले आणि दुसऱ्या दिवशी त्या स्वतः ते परत द्यायला जिना चढून आल्या. त्यांचे गुडघे दुखतात, तरी. ताटात साखर होतीच. पाणी प्यायल्या, पदराने कपाळ टिपले आणि म्हणाल्या, "करंजीचं सारण कोरडं झालंय तुझं. खोबरं जास्त भाजतेस. पुढच्या वर्षी माझ्याकडेच ये, दोघी मिळून करू."