फोन होल्डवर असताना ग्राहकाला काय ऐकवावं?

ग्राहकाने स्वतःहून आपल्याला फोन लावलेला असतो. त्याला काहीतरी विचारायचं असतं किंवा घ्यायचं असतं. आपण त्याला "एक मिनिट हं" म्हणतो आणि त्याच्या कानात निव्वळ शांतता उरते, नाहीतर यंत्रातली तीच ती धून. ज्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आपण फलक लावतो, पत्रकं वाटतो, तोच माणूस कान देऊन थांबलेला असतो आणि त्याला सांगायला आपल्याकडे काही नसतं. या वेळात ऐकवला जाणारा ध्वनिमुद्रित निरोप म्हणजे होल्ड मेसेज.

ही कल्पना अमेरिकेतली. आल्फ्रेड लेव्ही नावाच्या कारखानदाराच्या फोनवर होल्डवरच्या लोकांना शेजारच्या रेडिओ केंद्राची गाणी ऐकू येऊ लागली. फोनची एक सुटी तार इमारतीच्या लोखंडी तुळईला टेकली होती, असं सांगितलं जातं. त्यावरून लेव्हींनी होल्डवर ध्वनी ऐकवण्याच्या यंत्रणेच्या पेटंटसाठी १९६२ मध्ये अर्ज केला आणि १९६६ मध्ये ते मिळालं. आज छोट्या दुकानालाही ही सोय परवडते. ती कशी बसवायची, ते क्रमाने पाहू.

सोयीसाठी एक उदाहरण धरू. समजा, आपण दिवाळीचा फराळ करून विकता, परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांसाठी पार्सलंही पाठवता आणि दिवाळीआधीचे काही आठवडे आपला फोन सतत वाजत असतो.

१. ग्राहक कुठे आणि किती वेळ थांबतो, ते पाहा

ग्राहक तीन ठिकाणी थांबतो. फोन उचलला जाण्याआधी रांगेत, बोलणं चालू असताना आपण काही विचारायला गेलो तेव्हा, आणि एकाकडून दुसऱ्याकडे फोन जोडून देताना. तिन्ही ठिकाणचा वेळ वेगळा असतो.

ऑफिसात इंटरकॉमची यंत्रणा असेल, तर तिच्यात प्रत्येक कॉलची नोंद काढता येते का, ते बसवून देणाऱ्याला विचारा. ती सोय नसेल, तर आठवडाभर घड्याळ लावून वहीत लिहा. लोक सरासरी अर्धा मिनिट थांबत असतील, तर तीन मिनिटांचा निरोप तयार करणं म्हणजे अडीच मिनिटांची मेहनत वाया घालवणं.

इथेच एक गोष्ट तपासा. लोक नेहमीच दोन-तीन मिनिटांहून जास्त थांबत असतील, तर आधी आणखी एक माणूस फोनवर बसवा किंवा "नंबर नोंदवा, आम्ही फोन करतो" अशी सोय द्या. आपला नंबर १८००ने सुरू होणारा टोल-फ्री असेल, तर थांबलेल्या प्रत्येक मिनिटाचं बिलही आपल्यालाच येतं.

२. आपल्या फोनला काय जमतं, ते विचारा

साध्या मोबाइलवर होल्ड केलं, की समोरच्याला काय ऐकू येईल ते मोबाइल कंपनीच्या हातात असतं. तिथे आपला निरोप सहसा लावता येत नाही. कॉलर ट्यून ही वेगळी गोष्ट आहे. ती फोन उचलण्याआधी वाजते.

ईपीएबीएक्स, म्हणजे एका ऑफिसातले सगळे फोन जोडणारी पेटी, असेल तर तिच्यात बहुधा ठरावीक धुना भरलेल्या असतात. बऱ्याच पेट्यांमध्ये बाहेरून आवाज जोडायला खाच असते किंवा स्वतःची फाइल चढवता येते.

तिसरा मार्ग क्लाउड टेलिफोनीचा. यात पेटी लागत नाही. कंपनीच्या यंत्रणेवर आपला नंबर चालतो आणि निरोपाची फाइल आपण संगणकावरून बदलू शकतो.

विकणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा: प्रत्येक ग्राहकाला निरोप सुरुवातीपासून ऐकू येतो, की अखंड चालू असलेल्या ध्वनीत तो मध्येच शिरतो? बाहेरून जोडलेल्या आवाजात बहुतेकदा दुसरा प्रकार असतो. तसं असेल, तर प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे कळला पाहिजे. "मघाशी सांगितल्याप्रमाणे" असं वाक्य तिथे चालणार नाही.

३. प्रश्न गोळा करा

मजकूर लिहायला बसण्याआधी फोनजवळ एक वही ठेवा. आठ-दहा दिवस लोक काय विचारतात, ते फोन घेणाऱ्यानेच लिहावं. फराळाच्या दुकानात हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतील: सोमवारी उघडं असतं का? परदेशी पार्सल कधीपर्यंत द्यावं लागेल? चकली कोणत्या तेलात तळता? साखर न घातलेलं काही मिळतं का?

ही वही म्हणजे आपल्या निरोपाचा कच्चा माल. व्यवस्थापनतज्ज्ञ डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेत थांबण्याच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो आणि किती थांबायचं हे माहीत नसलं की तो आणखी लांबतो, असं त्यांनी त्यात मांडलं. म्हणून हा वेळ ग्राहकाच्या उपयोगाच्या माहितीने भरा आणि निरोपाचा क्रम ठरलेला ठेवा: आधी ग्राहकाच्या कामाचं, मग आपल्या कामाचं.

४. मजकूर लिहा

वीस सेकंदांत साधारण चाळीस शब्द नीट बोलता येतात. त्यामुळे एका तुकड्यात एकच गोष्ट ठेवा. मग वीस-तीस सेकंद संगीत, मग पुढचा तुकडा.

नेहमी होणारी चूक अशी: "गेली अनेक वर्षे गुणवत्तेची परंपरा जपत ग्राहकांच्या सेवेत तत्पर असलेल्या आमच्या संस्थेत आपलं हार्दिक स्वागत आहे." यातून ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. "आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे" हे वाक्यही टाळा. महत्त्वाचा आहे तर उचलत का नाही, असंच ऐकणाऱ्याच्या मनात येतं.

त्याऐवजी असं लिहून पाहा:

"नमस्कार. आधीच्या ग्राहकाची ऑर्डर लिहून घेत आहोत. कृपया लाइनवर राहा."

"पार्सल परदेशी पाठवायचं असेल, तर तिकडचा पूर्ण पत्ता, पिनकोड आणि फोन नंबर हाताशी ठेवा. ऑर्डर लगेच लिहून घेता येईल."

"ओल्या नारळाच्या करंज्या फक्त दुकानात मिळतील. त्या टिकत नाहीत, म्हणून पार्सलने पाठवत नाही. बाहेरगावी पाठवायला सुक्या सारणाच्या करंज्या आहेत. हव्या असतील तर ऑर्डर देताना सांगा."

दुसऱ्या तुकड्यामुळे ग्राहक पत्ता शोधून ठेवतो आणि आपलाही फोनवरचा वेळ वाचतो. तिसरा तुकडा जाहिरातच आहे, पण त्यात खरी माहिती आहे. काय मिळत नाही ते सांगणाऱ्या दुकानावर माणूस जास्त विश्वास ठेवतो.

५. कानाला कळेल असं बोला

साध्या टेलिफोनवर साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जातो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात होणारी कंपनं. 'स', 'श', 'फ' यांचा बराचसा ध्वनी त्याहून वरच्या पट्टीत असतो आणि तो गळतो. म्हणून समोर बसून स्पष्ट ऐकू येणारा शब्द फोनवर गोंधळात टाकतो.

मराठी आकड्यांत हा गोंधळ हमखास होतो. सात आणि साठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी, त्रेपन्न आणि त्रेसष्ट. किंमत सांगताना "तीनशे साठ, म्हणजे तीन, सहा, शून्य" असं म्हणा. फोन नंबर शक्यतो निरोपात देऊच नका. थांबलेल्या माणसाच्या हातात पेन नसतं. वेळ सांगताना "सकाळी साडेनऊ ते रात्री आठ" असंच म्हणा.

आधी मराठी ठेवा. आपल्याकडे हिंदी किंवा इंग्रजी बोलणारे ग्राहक येत असतील, तर त्या भाषेत वेगळा छोटा तुकडा करा. एकाच वाक्यात तिन्ही भाषा कोंबू नका.

६. संगीत निवडताना कायदा पाहा

सर्वांत महाग पडू शकणारी चूक इथे होते. आवडतं चित्रपटगीत मोबाइलवरून उतरवून होल्डवर लावलं जातं. गाणं विकत घेतलं म्हणजे ते धंद्यासाठी वाजवण्याचा हक्क मिळाला, असं नसतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगवेगळा राखलेला आहे.

भूप किंवा यमन हे राग कोणाच्या मालकीचे नाहीत, पण त्या रागातलं एखाद्या कलावंताचं ध्वनिमुद्रण कोणाचं तरी असतं. सोपे मार्ग दोन. व्यावसायिक वापराचा परवाना देणाऱ्या संग्रहातून धून विकत घ्या आणि पावती जपून ठेवा. नाहीतर ओळखीतल्या बासरी किंवा सतार वाजवणाऱ्याकडून दोन मिनिटांची धून मुद्रित करून घ्या, त्याला मोबदला द्या आणि लेखी परवानगी घ्या.

त्या कागदावर मुदत लिहायला विसरू नका. मुदत लिहिली नाही, तर कायद्यानुसार ती पाच वर्षांची धरली जाते. निरोप बोलणाऱ्या कलाकाराशीही असाच कागद करा.

७. ध्वनिमुद्रण करा

खोलीतला पंखा, फ्रिज, एसी बंद करा. पडदे, गाद्या, कपड्यांचं कपाट असलेल्या खोलीत आवाज घुमत नाही. मोबाइल तोंडापासून वीतभर दूर, किंचित बाजूला धरा, म्हणजे 'प' आणि 'भ' म्हणताना फुंकर बसणार नाही. नेहमीपेक्षा थोडं सावकाश बोला आणि वाचल्यासारखं न बोलता सांगितल्यासारखं बोला.

बोलण्याखाली संगीत ठेवू नका. मोबाइलची यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेली असते आणि संगीत तिच्यातून जाताना चिरकतं. दोन्ही एकत्र आले, तर शब्दही बुडतात. संगीतसुद्धा एका वाद्याचं, संथ आणि एकसारख्या आवाजाचं निवडा.

फाइल कोणत्या प्रकारची हवी, ते यंत्रणेच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी ८,००० हर्ट्झची, १६ बिटची, मोनो वेव्ह फाइल चालते. मोनो म्हणजे एकाच वाहिनीचा आवाज. चुकीच्या प्रकारची फाइल यंत्रणा घेत नाही किंवा खरखर ऐकवते. पहिल्या प्रयत्नात आवाज बिघडला, तर आधी हेच तपासा.

८. बाहेरून फोन करून ऐका

संगणकावर ऐकून समाधान मानू नका. दुसऱ्याच्या मोबाइलवरून, भर बाजारातून फोन लावा आणि दोन मिनिटं थांबा. शब्द कळतात का? संगीत सुरू होताच आवाज एकदम वाढतो का? फोन दुसऱ्याकडे जोडल्यावर पहिलंच वाक्य पुन्हा सुरू होतं का? होत असेल, तर ते पहिलं वाक्य आणखी छोटं करा.

तेच तेच ऐकून माणूस किती विटतो, हे आपण सर्वांनी अनुभवलं आहे. मार्च २०२०मध्ये कोणालाही फोन लावला, की खोकल्याच्या आवाजाने सुरू होणारी करोनाची सूचना ऐकू यायची. सूचना गरजेची होती, तरी काही दिवसांत लोक ती संपण्याची वाट पाहू लागले. आपले नेहमीचे ग्राहक आठवड्यात तीनदा फोन करत असतील, तर त्यांचा विचार करून तुकडे अधूनमधून बदला.

९. दावे जपून करा

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जाहिरातीच्या व्याख्येत ध्वनीचाही उल्लेख आहे, त्यामुळे होल्डवर केलेला दावाही जाहिरातच ठरू शकतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. "शंभर टक्के शुद्ध", "शहरात सर्वांत स्वस्त" असे शब्द सिद्ध करता येत नसतील, तर वापरू नका. डॉक्टर आणि वकील यांच्यावर व्यवसायाची जाहिरात करण्याबाबत त्यांच्या परिषदांचे निर्बंध आहेत. त्यांनी वेळ, पत्ता आणि येताना कोणती कागदपत्रं आणायची, एवढ्यावर थांबावं.

१०. तारीख लावून ठेवा

सर्वांत जास्त दिसणारा दोष म्हणजे शिळा निरोप. तुळशीचं लग्न झालं तरी होल्डवर दिवाळीची सवलत चालू असते. ग्राहक ती मागतो आणि फोन घेणाऱ्याला नाही म्हणावं लागतं. प्रत्येक तुकडा कोणत्या तारखेला काढायचा, ते ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच कॅलेंडरवर लिहा आणि हे काम एका माणसाकडे सोपवा.

उपयोग होतो का, तेही मोजा. निरोप लावण्याआधी आणि नंतर महिनाभर, थांबून कंटाळून किती जणांनी फोन ठेवला, ते पाहा. एखादा पदार्थ फक्त होल्डवरच सांगा आणि त्याची विचारणा किती होते, ते वहीत लिहा. विचारणा वाढली नाही, तर मजकूर बदला.

हे सगळं करायला फार पैसे लागत नाहीत, पण लक्ष द्यावं लागतं. सुरुवात आजच करा. दुसऱ्याच्या मोबाइलवरून आपल्याच दुकानाला फोन लावा, होल्डवर ठेवायला सांगा आणि ग्राहकाला सध्या काय ऐकू येतं, ते एकदा स्वतःच्या कानांनी ऐका.