मंदीच्या वऱ्हाडात घडलेली माणसं

1929 नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले आणि वऱ्हाडातल्या कास्तकाराचं सगळं गणित विस्कटलं. अमरावती-अकोल्याच्या काळ्या जमिनीत हाती रोकड देणारं पीक म्हणजे कपाशीच. बाजाराला शिस्त नव्हती असंही नाही. कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी वऱ्हाडात 1897 मध्येच कायदा झाला होता. पण माप चोख झालं तरी भाव साता समुद्रापलीकडे ठरायचा आणि देणं सावकाराच्या वहीत फुगत राहायचं. अशा सालात घरातली पहिली काटछाट पोराच्या शाळेवर होते.

डॉ. पंजाबराव देशमुख, म्हणजे भाऊसाहेब, यांच्या कामाचा खरा कस याच वर्षांत लागला. पापळ गावचे हे शेतकऱ्याचे चिरंजीव, जन्म 27 डिसेंबर 1898. एडिनबरो आणि ऑक्सफर्डला शिकले, वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर प्रबंध लिहिला, बॅरिस्टर झाले आणि 1926 मध्ये परतले. अमरावतीत वकिली करून सुखानं राहता आलं असतं. त्यांनी मंदीच्या आधीच, 1927 मध्ये, श्रद्धानंद छात्रालय काढलं.

या वसतिगृहापाशी मला थांबावंसं वाटतं, कारण माणसं घडवण्याची त्यांची रीत इथेच दिसते. खेड्यातलं हुशार पोर अमरावतीला आलं तर त्याची पहिली अडचण अभ्यासाची नसायची. राहायचं कुठे, जेवायचं कुठे, आणि कोणत्या जातीच्या पंगतीत, हा प्रश्न आधी. भाऊसाहेबांनी नेमकी तीच अडचण दूर केली. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहिली, एकत्र जेवली. ज्याला पुढे गावाचा कारभार पाहायचा आहे त्यानं दुसऱ्या जातीच्या माणसाशेजारी ताट मांडायला आधी शिकावं, याहून चांगलं प्रशिक्षण मला सुचत नाही. त्याच वर्षी त्यांनी स्वतः विमलाबाईंशी आंतरजातीय विवाह केला. त्याच वर्षी अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश देण्याचा प्रश्न पेटला, नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली, आणि भाऊसाहेब मंदिर खुलं व्हावं या बाजूनं उभे राहिले. वसतिगृहात एक आणि गावात दुसरं, असं त्यांनी केलं नाही. मुलं हे पाहत होती.

1928 मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायचं तर पैसा हवा, म्हणून त्यांनी कर वाढवला; सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या. ज्यांच्या पाठिंब्यावर निवडून आलो त्यांनाच न आवडणाऱ्या या दोन्ही गोष्टी. लोकांना सांभाळणं म्हणजे त्यांना दुखवायचं नाही, असं मानणारा पुढारी हे करत नाही. 1930 मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले. मंदीनं कंबरडं मोडलेल्या शेतकऱ्याचं कर्ज तडजोडीनं कमी व्हावं म्हणून कर्ज लवादाच्या कायद्यासाठी ते झटले. 1933 मध्ये तो कायदा झाला.

तोट्याची वर्षं संपायची वाट न पाहता 1932 मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. घरात दाणे मोजून खाण्याच्या दिवसांत शाळा काढायची, ही उलटी चाल होती. पण ती बरोबर होती, असं आज ठामपणे म्हणता येतं. पुढे संस्था अमरावतीतून अकोल्यात आणि विदर्भभर पसरली, आणि ज्या घरांत तोवर कुणी अक्षर गिरवलं नव्हतं त्या घरांतून शिक्षक, वकील, डॉक्टर, आमदार निघाले.

1952 ते 1962 या काळात ते केंद्रात कृषिमंत्री होते. 1955 मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापला. 1959-60 मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं, त्याच्या उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले. या साऱ्यामागे शेतकऱ्यानं जग पाहावं आणि स्वतःच्या संघटनेतून बोलावं, हीच धडपड होती.

10 एप्रिल 1965 रोजी ते गेले. अकोल्याला त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ 1969 मध्ये झालं, तेही सहज नाही. त्यासाठी आंदोलन करावं लागलं, त्यात बळीही गेले.

एक गोष्ट मात्र सलते. या संस्थांतून शिकलेल्यांपैकी फार जण शेतीतून बाहेर पडले आणि बांधावर उरलेल्यांच्या बाजूनं बोलणारे कमी झाले. शतक पालटल्यावर याच अमरावती-अकोल्यातून शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या सतत येऊ लागल्या. कपाशी, कर्ज आणि भाव, तिन्ही नावं जुनीच. 1927 साली पोराची अडचण राहण्या-जेवणाची होती. आज बांधावर राहिलेल्या विशीतल्या पोराची अडचण कोणती, हे त्याच्या घरी जाऊन विचारणारी माणसं त्याच संस्थांतून निघायला हवीत, आणि ती या पेरणीच्या आधी निघायला हवीत.