आमांश : नळाचे पाणी शुद्ध, मग पोट का बिघडते?

पावसाळा लागला की दवाखान्यांत पोट धरून बसलेल्या रुग्णांची गर्दी वाढते. कोणाला जुलाब, कोणाला मुरडा, तर कोणाला शौचावाटे आव पडते. ‘बाहेरचे काहीतरी खाल्ले असेल’ असे म्हणून औषधाच्या दुकानातून दोन-चार गोळ्या आणल्या जातात. दोन दिवसांत बरे वाटते, गोळ्या बंद होतात. महिन्याभराने तेच दुखणे पुन्हा उद्भवते. असे वारंवार होत असेल तर आमांशाची शंका घ्यायला हवी.

नाहूरच्या रहिवाशांना येथे एक प्रश्न पडेल. मुंबईला पाणी पुरवणारे भांडुपचे जलशुद्धीकरण संकुल तर अगदी शेजारी आहे. तेथे तुरटीने गाळ बसवून, वाळूच्या थरांतून गाळून, क्लोरीन घालून पाणी सोडले जाते. मग एवढ्या जवळच्या घरांत आमांश कसा शिरतो? याचे उत्तर समजण्यासाठी आधी या रोगाच्या जंतूची ओळख करून घेऊ.

जंतू कोणता?

आमांशाचे दोन प्रमुख प्रकार आहेत. एक जिवाणूंमुळे होतो. तो अचानक येतो, ताप चढतो आणि दिवसातून अनेकदा शौचाला जावे लागते. दुसरा ‘एन्टामिबा हिस्टोलिटिका’ नावाच्या एकपेशीय परोपजीवीमुळे होतो. आपण त्याला साधेपणाने अमिबा म्हणतो. 1875 साली रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे फ्योदोर लॉश या डॉक्टरांनी एका रुग्णाच्या शौचात तो प्रथम पाहिला.

हा अमिबा दोन रूपांत राहतो. आतड्यात तो हलताफिरता असतो आणि आतड्याच्या अस्तरात शिरून व्रण पाडतो. शरीराबाहेर पडताना तो स्वतःभोवती टणक कवच तयार करतो. या रूपाला कोष म्हणतात. हलताफिरता अमिबा बाहेर आल्यावर लवकर मरतो, पण कोष ओलसर जागी कित्येक दिवस, कधी कधी आठवडेही टिकतो. पिण्याच्या पाण्यात नेहमीच्या प्रमाणात घातलेल्या क्लोरीनला तो दाद देत नाही. उकळत्या पाण्यात मात्र तो मरतो.

पाणी वाटेत कसे बिघडते?

भांडुपला गाळलेले पाणी घरच्या नळापर्यंत पोहोचेपर्यंत बराच प्रवास करते. उपनगरांत पाणी ठरावीक तासांपुरतेच येते. पाणी बंद झाले की जलवाहिनीतला दाब उतरतो. वाहिनी कोठे गंजलेली असेल, जोड सैल असेल आणि बाजूने गटार किंवा तुंबलेला नाला जात असेल, तर घाण पाणी भोकातून आत ओढले जाते. पुन्हा पाणी आले की तेच सगळ्यांच्या हंड्यात उतरते. टेकडीवरच्या वस्त्यांत गटारातून नेलेल्या बारीक नळ्या आणि सोसायट्यांत जमिनीखालच्या टाकीचे फुटके झाकण, ही त्यातली नेहमीची ठिकाणे आहेत.

इमारतीतल्या नळजोडणीकडे दुर्लक्ष किती महागात पडते, याचा दाखला शिकागोचा आहे. 1933 साली तेथे जागतिक प्रदर्शन भरले होते. दोन हॉटेलांतील सदोष नळजोडणीमुळे मैला पिण्याच्या पाण्यात मिसळला. हजारावर लोकांना अमिबाची लागण झाली आणि 98 जण दगावले. शहराचे पाणी चांगले होते, दोष इमारतीच्या आत होता.

पाण्याखेरीज हातानेही हा रोग पसरतो. लागण झालेला माणूस शौचानंतर हात न धुता भाकरी थापू लागला, तर कोष घरभर जातात. माश्या आणि झुरळेही ते वाहून नेतात. उपनगरी रेल्वेच्या रुळांकडेला नाल्याच्या पाण्यावर पालेभाज्या पिकवल्या जात असल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आल्या आहेत. अशी भाजी कच्ची खाल्ल्यास धोका वाढतो. गाडीवरचा उघडा बर्फ आणि बादलीतल्या पाण्यात बुचकळलेले पेले यांविषयी वेगळे सांगायला नको.

लक्षणे

लागण झालेल्या दहांपैकी नऊ जणांना काहीच त्रास होत नाही. पण त्यांच्या शौचातून कोष बाहेर पडत राहतात. ज्यांना त्रास होतो, त्यांच्यात तो हळूहळू वाढतो : पोटात मुरडा, पातळ शौचास, आव, कधी रक्त. ताप असतोच असे नाही.

खरी भीती आहे ती यकृताच्या गळवाची. अमिबा आतड्यातून रक्तावाटे यकृतात जाऊन तेथे पू तयार करतो. हे दुखणे तरुण आणि मध्यमवयीन पुरुषांत कितीतरी अधिक आढळते. आपल्या देशात ताडी किंवा देशी दारू पिणाऱ्यांत ते विशेष दिसून आले आहे. ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे, कधी उजव्या खांद्यात कळ, ही त्याची लक्षणे होत. अनेकदा जुलाब मुळीच नसतात, म्हणून रुग्ण फसतो. अशा वेळी सोनोग्राफीने निदान होते. गळू फुटले तर जीव धोक्यात येतो.

तपासणी आणि औषध

शौचाचा नमुना ताजा, शक्यतो अर्ध्या तासाच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा. एका तपासणीत काही न आढळल्यास वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा तपासणी करतात.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. अहवालात ‘अमिबाचे कोष’ असे आले म्हणजे रोग झालाच असे नाही. हुबेहूब तसाच दिसणारा ‘एन्टामिबा डिस्पार’ हा निरुपद्रवी भाऊबंद आहे. 1993 साली तो वेगळा असल्याचे निश्चित झाले. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दोघांत फरक कळत नाही, त्यासाठी वेगळी चाचणी लागते. 1997 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी, केवळ डिस्पार असेल तर औषध देऊ नये, असा सल्ला दिला. म्हणून अहवाल घेऊन थेट औषधाच्या दुकानात जाऊ नये, डॉक्टरांकडे जावे.

मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल ही औषधे व्रण पाडणाऱ्या अमिबावर गुणकारी आहेत. पण आतड्यात राहिलेल्या कोषांवर त्यांचा पुरेसा परिणाम होत नाही. म्हणून त्यानंतर डायलोक्सानाइड फ्युरोएट किंवा पॅरोमोमायसिनसारखे दुसरे औषध दिले जाते. बरे वाटले म्हणून औषध अर्ध्यावर सोडणाऱ्यांचा रोग उलटतो, त्याचे कारण हेच. औषध चालू असताना दारू वर्ज्य समजावी. स्त्री गरोदर असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. जंतांची गोळी घेतल्याने अमिबा जात नाही, हेही विसरू नये. आणि मुलाच्या शौचात रक्त दिसल्यास घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

प्रतिबंध

या रोगाची लस उपलब्ध नाही. पुढील काळजी हाच उपाय :

* पिण्याचे पाणी खळखळा उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यावे. तुरटीने किंवा फडक्याने गाळल्याने कोषांची खात्री देता येत नाही.
* उकळलेले पाणी झाकून ठेवावे, दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. हात बुडवू नये.
* शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवावेत. नखे कापलेली ठेवावीत. लहान मुलांनाही हीच सवय लावावी.
* पालेभाजी शिजवूनच खावी. काकडी, गाजर धुऊन सोलावे.
* अन्न झाकून ठेवावे, माश्या बसू देऊ नयेत.
* सोसायटीची टाकी वेळच्या वेळी धुऊन घ्यावी, झाकण घट्ट आहे ना ते पाहावे. पाण्याला वास किंवा रंग आल्यास महापालिकेच्या विभाग कार्यालयात लेखी तक्रार करावी.

घरातल्या एकाला आमांश झाला तर बाकीच्यांनीही सावध व्हावे. स्वयंपाक करणाऱ्याला त्रास असेल तर तो बरा होईपर्यंत दुसऱ्या कोणी हे काम करावे. उकळण्याला गॅस लागतो हे खरे, पण गळवाने रुग्णालयात घालवावे लागणारे दिवस आणि बुडणारी मजुरी यांच्यापुढे तो खर्च फार थोडा आहे. भांडुपला पाणी गाळणाऱ्यांचे काम नळाशी संपते. त्यापुढचे काम आपल्या घरातल्या चुलीचे आणि साबणाचे.