अभिकल्प व तंत्रज्ञान शिक्षण
अभिकल्प (डिझाइन) व तंत्रज्ञान शिक्षण म्हणजे गरज ओळखणे, आराखडा काढणे, वस्तू घडवणे आणि ती कामी येते का हे तपासणे, या वाटेने मुलांना शिकवण्याची पद्धत होय. इंग्लंडमध्ये हा विषय १९९० पासून प्राथमिक अभ्यासक्रमात आहे. महाराष्ट्रात त्याला सर्वांत जवळचा विषय कार्यानुभव हा आहे.

हाताने काम करून शिकण्याचा विचार येथे जुना आहे. ऑक्टोबर १९३७ मधील वर्धा परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने सूतकताई, सुतारकाम, शेती अशा मूलोद्योगांभोवती सात वर्षांचे शिक्षण मांडले. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली. मात्र वर्गात बहुधा शिक्षकांनी दाखवलेला नमुनाच उतरवला जातो. त्यामुळे सगळ्यांची कागदी फुले सारखीच दिसतात. काय करायचे हे मूल ठरवत नाही.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने नेमका हा निर्णय मुलांकडे सोपवला. सहावीच्या मुलांसाठी केंद्राने आखलेल्या उपक्रमांत पुस्तके नेण्याची पिशवी, वजन उचलणारी पवनचक्कीची प्रतिकृती आणि बाहुल्या यांचा समावेश होता. शहरी तसेच ग्रामीण मराठी शाळांतही ते राबवले गेले.

पिशवी वरवर सोपी वाटते. परंतु पुस्तके किती मावावीत, बंद खांद्याला रुतू नये म्हणून किती रुंद असावा, ताण कोणत्या शिवणीवर येईल, हे आधी कागदावर ठरवावे लागते. चित्रातील मापाप्रमाणे कापड कापले की शिवल्यावर पिशवी लहान होते. शिवणीसाठी कापड सोडायचे असते, हे तेव्हा कळते. मग पुन्हा माप, पुन्हा चित्र. एका तासिकेत हे सहसा बसत नाही.