कागदी छत्री आणि खिशातला रेडिओ

आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी सेलवर चालणाऱ्या लहान रेडिओला अजूनही ‘ट्रान्झिस्टर’ म्हणतात. वास्तविक ट्रान्झिस्टर हा त्या रेडिओच्या पोटातील एक इवलासा भाग. परंतु त्याने रेडिओचे रूप असे काही पालटले की भागाचे नाव सबंध वस्तूलाच चिकटले. हा रेडिओ देशोदेशी नेणाऱ्यांमध्ये टोकियोतील एक लहानशी कंपनी होती. पदरी ना पैसा, ना नावलौकिक, अशा कंपनीला समुद्रापलीकडची बाजारपेठ कशी मिळाली, ती हकीकत मोठी वाचनीय आहे.

१९४६ च्या मे महिन्यात, युद्धाने होरपळलेल्या टोकियो शहरात, मासारू इबुका आणि आकिओ मोरिता ह्या दोघांनी ही कंपनी स्थापन केली. इबुका हे अडतीस वर्षांचे कल्पक अभियंते. मोरिता पंचवीस वर्षांचे, पदार्थविज्ञान शिकलेले, आणि पिढ्यान्‌पिढ्या साके नावाचे तांदळाचे मद्य तयार करणाऱ्या घराण्यातील थोरले चिरंजीव. भांडवल १,९०,००० येन, माणसे सुमारे वीस, आणि जागा म्हणजे युद्धात हानी पोहोचलेल्या एका मोठ्या दुकानाचा मजला. नाव मात्र भारदस्त : ‘टोकियो त्सुशिन कोग्यो’.

आरंभी त्यांनी विजेवर भात शिजविण्याचे भांडे करून पाहिले. लाकडी भांड्याच्या तळाशी ॲल्युमिनियमचे तुकडे बसवून त्यांतून वीज सोडावयाची. भात होऊन कोरडा पडू लागला की प्रवाह आपोआप तुटावा, अशी योजना. परंतु तांदूळ बदलला किंवा पाणी थोडे कमीअधिक झाले की सारेच बिघडे. कधी तांदूळ कच्चे, तर कधी पेज! ते भांडे विकण्याजोगे झालेच नाही.

पुढे १९५० मध्ये त्यांनी ध्वनिमुद्रक यंत्र तयार केले. फितीसाठी प्लॅस्टिक मिळत नव्हते, म्हणून कागदाच्या अरुंद पट्ट्या हाताने कापल्या. त्यांवर लावावयाची चुंबकीय भुकटी चक्क कढईत भाजून तयार केली आणि मऊ कुंचल्याने सारवली. यंत्र पाहून लोक थक्क होत, आपलाच आवाज ऐकून हसत, आणि विकत न घेता घरी जात. ह्याच सुमारास मोरितांनी जुन्या वस्तूंच्या दुकानात एक गृहस्थ पाहिला. त्याने एका पुरातन बरणीसाठी ध्वनिमुद्रकाच्या किमतीहून अधिक पैसे आनंदाने मोजले. वस्तू नवलाची असली म्हणजे ती खपते असे नाही. तिची गरज ज्याला आहे, तो माणूस शोधावा लागतो, हे त्या वेळी त्यांच्या ध्यानात आले. युद्धोत्तर जपानात न्यायालयांना लघुलेखकांची टंचाई भासत होती. तेथे वीस यंत्रे तत्काळ विकली गेली. नंतर शाळांनीही ती घेतली.

१९५२ मध्ये इबुका अमेरिकेस गेले असता ट्रान्झिस्टर बनविण्याचा परवाना मिळू शकतो, असे त्यांना कळले. शोध बेल प्रयोगशाळेचा, १९४७ मधील. परवान्याचे मोल २५,००० डॉलर. पुढील वर्षी करार करण्यासाठी मोरिता गेले, तेव्हा ह्या वस्तूचा उपयोग बहिऱ्यांच्या श्रवणयंत्रात करावा, असा सल्ला त्यांना मिळाला. रेडिओच्या उच्च कंपनसंख्येला तत्कालीन ट्रान्झिस्टर पुरा पडत नव्हता. परंतु श्रवणयंत्रे घेणारे असे किती असणार? इबुकांना घरोघरी जाईल अशी वस्तू हवी होती.

अमेरिकेहून मोरिता युरोपात गेले. जर्मनीतील एका उपाहारगृहात वाढप्याने त्यांच्यापुढे आइस्क्रीम ठेवले. त्यावर शोभेसाठी एक चिमुकली कागदी छत्री खोवलेली होती. ही तुमच्याच देशाची, असे तो कौतुकाने म्हणाला. बिचाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण जपान म्हणजे कागदी खेळणी, हीच जगाची समजूत आहे, हे मोरितांना बोचले. पुढे हॉलंडमध्ये आइंडहोव्हन ह्या लहान गावी त्यांनी फिलिप्सचा कारखाना पाहिला. शेतीप्रधान देशातील अशा गावातून जगभर माल जाऊ शकतो, हे पाहून त्यांचा धीर वाढला.

इकडे टोकियोत ट्रान्झिस्टरवर खटपट सुरू होती. बेल प्रयोगशाळेने सोडून दिलेला फॉस्फरस वापरण्याचा मार्ग ह्या मंडळींनी चिकाटीने पुन्हा तपासला व त्यातून वाट काढली. (ह्याच संशोधनाच्या ओघात कंपनीतील लिओ एसाकी ह्यांना लागलेल्या शोधास १९७३ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.) १९५५ मध्ये त्यांचा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला. जगातील पहिला मात्र तो नव्हे. तो मान आदल्या वर्षी अमेरिकेने मिळविला होता. आणखी एक गोष्ट यशाच्या वर्णनात सहसा गाळली जाते : हे सूक्ष्म जोडकाम करणाऱ्यांत शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या, गावाकडून आलेल्या पुष्कळ मुली होत्या. त्यांच्या बोटांवाचून हा रेडिओ झाला नसता.

रेडिओ घेऊन मोरिता न्यूयॉर्कमध्ये दारोदार फिरू लागले. बुलोवा ह्या घड्याळांच्या प्रसिद्ध कंपनीने एकदम १,००,००० रेडिओंची मागणी दिली. तिची रक्कम मोरितांच्या कंपनीच्या भांडवलाच्या कितीतरी पट होती. अट एकच : रेडिओवर नाव बुलोवाचे असावे. टोकियोतील सहकाऱ्यांनी होकार देण्याचा आग्रह धरला. मोरितांनी नकार दिला. पन्नास वर्षांत कमावलेल्या आमच्या नावाचा लाभ तुम्ही का घेत नाही, असे बुलोवाच्या माणसाने विचारले. त्यावर, पन्नास वर्षांपूर्वी तुमचेही नाव कोणास ठाऊक नव्हते, आमचे पहिले वर्ष आज सुरू होत आहे, अशा आशयाचे उत्तर मोरितांनी दिले. रेडिओ खपला नसता तर ह्याच उत्तराला लोकांनी हेकटपणा म्हटले असते!

पुढची गोष्ट गणिताच्या तासाला सांगण्याजोगी आहे. सुमारे दीडशे दुकाने असलेल्या एका व्यापाऱ्याने पाच हजारांपासून एक लाखापर्यंतच्या मागणीचे दर मागितले. मोरितांनी दर मांडले ते असे : दहा हजारांस सर्वांत कमी, तीस हजारांपासून दर चढू लागे, पन्नास हजारांस पाच हजारांहून जास्त, आणि लाखास त्याहूनही जास्त. व्यापारी चकित झाला. माल जितका अधिक, तितका भाव उतरता, हा तर बाजाराचा रिवाज! मोरितांनी कारण सांगितले. लाख रेडिओ करावयाचे तर कारखाना वाढवावा लागेल, नवी माणसे घेऊन शिकवावी लागतील. पुढल्या वर्षी मागणी आली नाही, तर त्या माणसांना घालवून देता येत नाही. व्यापाऱ्याला ते पटले व त्याने दहा हजार रेडिओ घेतले.

१९५७ मध्ये आलेला नवा रेडिओ खिशात मावतो, अशी जाहिरात झाली. तो सदऱ्याच्या नेहमीच्या खिशाहून किंचित मोठा होता, म्हणून विक्रेत्यांसाठी मोठ्या खिशांचे सदरे शिवून घेतले! ही युक्ती मला काही फारशी रुचत नाही, पण हसू आल्यावाचून राहत नाही.

कंपनीचे लांबलचक नाव अमेरिकनांच्या जिभेवर चढेना. ध्वनीसाठी असलेला लॅटिन शब्द ‘सोनुस’ आणि बाळ अशा अर्थाचा इंग्रजी ‘सनी’ ह्यांच्या मेळातून नवे नाव घडविण्यात आले. परंतु इंग्रजी शब्द तसाच ठेवला तर जपानी माणूस ‘सोन-नी’ वाचणार, आणि जपानीत ‘सोन’ म्हणजे तोटा! म्हणून एक अक्षर गाळले आणि ‘सोनी’ हे नाव सिद्ध झाले. १९५८ मध्ये कंपनीनेही तेच नाव धारण केले.

१९६० मध्ये अमेरिकेत स्वतंत्र शाखा निघाली. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यू ह्या प्रतिष्ठित रस्त्यावर सोनीचे प्रदर्शनदालन उघडले, तेव्हा मोरितांनी दारावर जपानचा ध्वज लावला. युद्ध सुरू झाल्यापासून त्या रस्त्यावर तो फडकला नव्हता. पुढल्याच वर्षी ते पत्नी आणि मुलांसह न्यूयॉर्कमध्ये राहावयास गेले. ज्यांना माल विकावयाचा त्यांच्या घरांत काय चालते, हे त्यांना शेजारी होऊन पाहावयाचे होते.