दिल्लीपासून चार तासांवर: अलवरच्या डोंगरात तंबूतला मुक्काम

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरीदाबाद या भागात राहणाऱ्या आपल्या मराठी माणसांना दोन सुट्ट्या जोडून आल्या की डोंगर आठवतो. आणि इथं ‘पहाड’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे हिमालयच येतो. मग शुक्रवारी रात्री निघायचं, ऋषिकेशच्या अलीकडे गाड्यांच्या रांगेत अडकायचं, आणि रविवारी तीच रांग उलट्या दिशेनं पार करून घरी यायचं. डोंगरात किती वेळ मिळाला म्हणाल, तर जेमतेम एक दिवस.

मी गुरुग्रामला राहते आणि गेली काही वर्षं हिवाळ्यात उलट्या दिशेला जाते, दक्षिणेला. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र १९८५च्या कायद्यानं आखलं गेलं, त्यात राजस्थानातला अलवर जिल्हाही आहे. म्हणजे सरकारी कागदांच्या हिशेबात सरिस्काचं जंगल हे ‘एनसीआर’च आहे! दिल्लीपासून अंतर साधारण २०० किलोमीटर. दिल्ली–मुंबई द्रुतगती मार्गाचा सोहना–दौसा टप्पा फेब्रुवारी २०२३मध्ये सुरू झाल्यापासून तर रस्ता आणखी सोपा झाला आहे. गाडी नसेल तर रेल्वेनं अलवरला उतरायचं आणि पुढे टॅक्सी करायची.

आज आपण तीन गोष्टी समजून घेऊ. या डोंगरात इतकी देवळं का आहेत, तिथली शांतता कशावर टिकून आहे, आणि तंबूत राहायला जाताना आपण काय पाहायचं.

डोंगर कसला आहे?

सह्याद्री पाहिलेल्या माणसाला अरवली पहिल्यांदा ठेंगणी वाटते. सरिस्काच्या टेकड्या समुद्रसपाटीपासून साधारण ३०० ते ७०० मीटरच्या आहेत. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. पण वयाचा विचार केला तर सह्याद्रीचा बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, आणि अरवलीचे खडक त्याहून कितीतरी पट जुने. इथला मुख्य दगड म्हणजे क्वार्टझाइट. वाळूचा खडक दाबानं आणि उष्णतेनं भाजून निघाला की तो होतो. भूगर्भशास्त्रात या थरांच्या एका गटाला ‘अलवर’ हेच नाव आहे.

हा दगड फार कठीण, पाणी पीत नाही. पण त्याला भेगा असतात. पावसाळ्यातलं पाणी त्या भेगांतून खाली जातं आणि कुठंतरी कड्याच्या तळाशी, घळीत, झऱ्याच्या रूपानं बाहेर येतं. अशा जागा मोजक्या असतात. बाकी डोंगर कोरडा.

त्यावर वाढतं ते धोकचं झाड. आपल्याकडच्या धावड्याचा हा चुलत भाऊ. उताराला, जवळजवळ माती नसलेल्या दगडातही तो उभा राहतो. थंडीत त्याची पानं तांबूस होतात आणि सगळा डोंगर तांब्याच्या भांड्यासारखा दिसायला लागतो. पहिला पाऊस पडला की काही दिवसांत हिरवागार.

देवळं पाण्यापाशी का?

आता हा कोरडा डोंगर आणि मोजके झरे डोक्यात ठेवून इथल्या देवस्थानांची यादी बघा.

पांडुपोल. सरिस्काच्या फाटकापासून आत साधारण वीस किलोमीटरवर. पोल म्हणजे दरवाजा. वनवासात वाट अडली तेव्हा भीमानं गदेनं कडा फोडला, अशी इथली कथा. कड्याला खरोखरच एक मोठं भगदाड आहे आणि पावसाळ्यात त्यातून पाणी कोसळतं. म्हाताऱ्या वानराची शेपटी भीमाला उचलली नाही ती गोष्टही इथलीच मानतात. म्हणून इथला मारुती झोपलेला आहे. खुलताबादचा भद्रा मारुती ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही मूर्ती पाहून ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होईल.

दुसरं भर्तृहरीचं स्थान, अलवर–जयपूर रस्त्यापासून जवळ. नवनाथांतले भर्तरीनाथ ते हेच. ‘नवनाथ भक्तिसार’ घरात वाचला जात असेल तर राजा, राणी आणि वैराग्याची ती कथा तुम्हाला ठाऊकच आहे. उज्जैनला त्यांच्या नावाची गुहा आहे, इथं समाधी मानतात. भाद्रपदात मोठी जत्रा भरते. नाथपंथी साधू देशभरातून येतात.

तिसरं नीलकंठ. टहला गावाकडून चढण चढून पठारावर गेलं की पडक्या देवळांचा एक अख्खा गाव लागतो. गावकरी या देवळांना ‘देवरी’ म्हणतात. हे जुनं राज्यपूर. इथं मथनदेव नावाच्या प्रतिहारांच्या सामंताचा विक्रम संवत १०१६चा, म्हणजे इसवी सन ९६०चा शिलालेख मिळाला. आई लच्छुका हिच्या नावानं बांधलेल्या लच्छुकेश्वर महादेवाला त्यानं एक गाव दान दिलं. त्या गावाचं नाव व्याघ्रपाटक. हजार वर्षांपूर्वीच्या दानपत्रातही वाघ आहेच!

तिन्ही ठिकाणी देवाच्या शेजारी पाणी आहे: कुठं झरा, कुठं कुंड, कुठं तलाव. माझ्या मते याचं उत्तर साधं आहे. जिथं पाणी, तिथंच साधू बसू शकतो; साधू बसला की धुनी पेटते; धुनीमागून देऊळ येतं. आणि देवाच्या नावानं त्या घळीतली झाडं तोडायची नाहीत असा धाक बसतो. आपल्याकडे याला देवराई म्हणतो. इकडे हरियाणा-राजस्थानात ‘बनी’ म्हणतात. गुरुग्राम–फरीदाबाद रस्त्याजवळची मांगर बनी ही तशीच एक, गुदरिया बाबांच्या नावानं राखलेली.

पण पाणी काही फक्त माणसांना लागत नाही. सांबर, नीलगाय, बिबट्या, तरस, वाघ या सगळ्यांना तेच झरे. म्हणजे एकाच पाण्यावर देव, भक्त आणि जनावर असे तिघे आले. त्यात आता तंबूत राहायला येणारे आपण चौथे.

शांततेची किंमत

सरिस्का १९७८मध्ये व्याघ्र प्रकल्पात आलं. २००५मध्ये देशाला कळलं की इथं एकही वाघ उरलेला नाही. आदल्या वर्षीपर्यंत कागदावर वाघ होते, जंगलात नव्हते. शिकारी टोळ्यांनी ते संपवले होते. त्या धक्क्यातून केंद्र सरकारनं व्याघ्र कृती दल नेमलं. मग जून २००८मध्ये रणथंभोरहून हेलिकॉप्टरनं वाघ आणून इथं सोडला. अशा तऱ्हेनं जंगली वाघ पुन्हा वसवण्याचा भारतातला तो पहिलाच प्रयोग.

पण वाघ आणले तरी पिल्लं होईनात. पहिली पिल्लं दिसली २०१२मध्ये. या काळात शास्त्रज्ञांनी इथल्या वाघांच्या विष्ठेतली ताणाची संप्रेरकं तपासली. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं दिसलं की माणसांचा वावर आणि वर्दळ जिथं जास्त, तिथं वाघांच्या शरीरातला ताणही जास्त. आज वाघांची संख्या चाळीसच्या वर गेली आहे, पण ती केव्हाही घसरू शकते हे या जंगलानं एकदा दाखवलेलं आहे.

मंगळवार आणि शनिवार हे पांडुपोलच्या मारुतीचे वार. त्या दिवशी जंगलाच्या गाभ्यातून भाविकांची ये-जा असते. भक्तांचा हक्क खरा आणि वाघाची गरजही खरी. भीमाशंकरला ज्योतिर्लिंग, शेकरू आणि गर्दी हे कोडं आपण पाहतोच, तेच इथं आहे. खासगी गाड्यांऐवजी विजेवर चालणाऱ्या बस आणायच्या हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. म्हणून जाण्याआधी वनखात्याकडे त्या वेळची व्यवस्था विचारून घ्या, आणि शक्य असेल तर बसनंच जा. एका बसमध्ये दहा गाड्यांची माणसं मावतात.

तंबू निवडताना

अभयारण्याच्या आत तंबू ठोकता येत नाही, हे आधी पक्कं लक्षात ठेवा. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय आत जाणं आणि आत जाळ करणं, दोन्ही गुन्हे आहेत. म्हणून कुणी “एकदम जंगलात कॅम्प आहे” असं म्हणाला की त्याला नेमकी जागा आणि परवानगी विचारा. चांगला कॅम्प असतो तो हद्दीबाहेर, गावाच्या शिवारात. मोहरीच्या शेताला लागून चार-सहा तंबू, मागे डोंगर, आणि जेवण गावातल्याच कुणाच्या तरी चुलीवरचं.

मी फोनवर चार प्रश्न विचारते. रात्री गाणी किती वाजेपर्यंत लावता? दिव्यांचे झोत डोंगरावर टाकता का? पाणी कुठून आणता? कचरा कुठं जातो? पहिल्या प्रश्नाला “जितनी देर चाहो, मैडम” असं उत्तर आलं की मी दुसरीकडे फोन लावते. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनीच बंदी आहे, ही काही आपली लहर नाही.

पाण्याचा प्रश्न मुद्दाम विचारायचा. हा भाग जोहडांचा. जोहड म्हणजे उतारावर मातीचा बांध घालून अडवलेलं पाणी, आपल्या पाझर तलावाचा भाऊ. इथून जवळ भीकमपुऱ्याला १९८५मध्ये राजेंद्र सिंह आणि तरुण भारत संघानं गावकऱ्यांबरोबर जोहड बांधायला सुरुवात केली. विहिरींना पाणी आलं, आटलेली अरवरी नदी पुन्हा वाहू लागली. या कामासाठी त्यांना २००१मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावानं घमेल्या-घमेल्यानं साठवलेलं पाणी आपण पोहण्याच्या हौदात ओतायचं का, हे आपण ठरवायचं.

दोन रात्रींचा बेत

काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. रात्री पारा पाच अंशांच्या आसपास येतो, तेव्हा मुंबईकरांनी स्वेटरवर भिस्त ठेवू नये. कानटोपी आणि जाड पांघरूण हवंच. मे महिन्यात तंबू म्हणजे भट्टी. पावसाळ्यात डोंगर सुंदर, पण जंगलाच्या गाभ्यातली सफारी बंद असते.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचा आणि काहीही करू नका. संध्याकाळी गावच्या वाटेनं जोहडापर्यंत चालत जा. दुसऱ्या दिवशी सकाळी नीलकंठ. चढण खडी आहे पण सह्याद्रीत फिरलेल्याला जड नाही. मात्र हा वाघाचा मुलूख आहे. चौकीवर विचारूनच जायचं, स्थानिक माणूस बरोबर घ्यायचा, वाट सोडायची नाही, आणि अंधाराआधी खाली यायचं. वर नीलकंठाची पूजा आजही चालते, आणि शेतांच्या कडेला कोरीव खांब पडलेले दिसतात. जैन तीर्थंकरांची एक प्रचंड उभी मूर्तीही आहे, तिला लोक ‘नौगजा’ म्हणतात. दगडांवर चढू नका, तुकडे उचलू नका.

वेळ असेल तर भानगढ. ‘भुताचा किल्ला’ म्हणून तो प्रसिद्ध आहे, कारण सूर्यास्तानंतर आत जायला मनाई आहे अशी पाटी तिथं आहे. पण पुरातत्त्व खात्याची बहुतेक स्मारकं अंधार पडला की बंदच होतात, आणि इथं तर शेजारी जंगल आहे. भुतापेक्षा बिबट्याला घाबरलेलं बरं. आतली सोमेश्वर आणि गोपीनाथाची देवळं मात्र निवांत पाहण्यासारखी.

तिसऱ्या दिवशी पांडुपोल किंवा भर्तृहरी, आणि परतताना अलवरचा कलाकंद. पांडुपोलला माकडांना फुटाणे, केळी देऊ नका. रस्त्यावर खायला मिळतं हे कळलं की ती गाड्यांखाली येतात.

रात्र

आता ज्यासाठी जायचं ते. नऊच्या सुमारास चूल विझते, दिवे मालवले जातात. पहिला अर्धा तास कानांना काहीच ऐकू येत नाही, कारण शहराची घरघर अजून कानात असते. मग हळूहळू आवाज वेगळे होतात. टिटवी. लांबवर कोल्हे. गावातली कुत्री. एखाद्या रात्री डोंगराच्या बाजूनं सांबराचा खणखणीत इशारा येतो, एकदा, मग पुन्हा. म्हणजे त्या घळीत, पाण्याच्या वाटेवर, बिबट्या नाहीतर वाघ चालतो आहे. आपण तो पाहत नाही, आणि पाहायची गरजही नाही.

हा इशारा ऐकू येतो याचा अर्थ सांबराला वाघाची चाहूल लागते, आणि आपल्याला सांबराची. मध्ये एक जरी स्पीकर वाजत असेल तर हे दोन्ही तुटतं. आपल्यासाठी ती एका रात्रीची मजा. सांबरासाठी तो जिवाचा प्रश्न. जुन्या लोकांनी देवाच्या धाकानं ही शांतता राखली, आता कायदा राखू पाहतो आहे. तंबूत झोपणाऱ्या आपल्याकडून दोघांची अपेक्षा एवढीच, की रात्री आवाज करू नये आणि निघताना आपला कचरा आपल्याबरोबर न्यावा.

पुढच्या भागात मांगर बनीकडे जाऊ. ती तर दिल्लीच्या उंबऱ्यावरच आहे. तोपर्यंत नमस्कार.