काटा सांगतो तो फक्त अंदाज!

हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात तांदी नावाचे छोटे गाव आहे. मनालीहून लेहकडे निघालेल्या मोटारसायकलस्वारांना ते ठाऊक असते ते तिथल्या पेट्रोल पंपामुळे. यापुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे, असे सांगणारी तिथली पाटी वर्षानुवर्षे प्रसिद्ध आहे. दर मोसमात महाराष्ट्रातूनही अनेक तरुण, आणि आता पन्नाशी ओलांडलेलेही, या रस्त्याने लडाखला जातात. जाण्याआधी रक्तदाब तपासून घेतात, उंचीवरच्या आजाराची माहिती काढतात, औषधांचा डबा भरतात. पेट्रोलच्या काट्याकडे मात्र आरोग्याचा प्रश्न म्हणून कोणी पाहत नाही. तसे पाहायला हवे. कारण भर रस्त्यात पेट्रोल संपल्यावर माणसे जे उपाय करतात, त्यातला एक उपाय थेट फुप्फुसांवर घाला घालतो.

काटा चुकतो कसा?

टाकीच्या आत एका दांड्याला जोडलेला तरंगणारा फ्लोट असतो. पेट्रोल कमी झाले की तो खाली जातो, त्यानुसार विजेचा रोध बदलतो आणि मीटरवरचा काटा किंवा पट्ट्या हलतात. म्हणजे मोजली जाते ती पेट्रोलची उंची, लिटर नव्हे. टाकी सरळ डब्यासारखी असती तर दोन्ही एकच ठरले असते. पण मोटारसायकलची टाकी घोड्यावरच्या खोगिराप्रमाणे फ्रेमवर बसवलेली असते. वरचा भाग रुंद आणि खाली दोन्ही बाजूंना दोन अरुंद कप्पे. त्यामुळे टाकी भरल्यावर काटा बराच वेळ हलत नाही आणि अर्ध्याखाली आला की भराभर उतरतो. सहा पट्ट्यांपैकी तीन उरल्या म्हणजे निम्मे पेट्रोल उरले, हे गणित अनेक गाड्यांत फसते.

त्यात घाट. चढावर पेट्रोल मागे सरकते, उतारावर पुढे येते. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते. चढावर लुकलुकणारा दिवा सपाटीला आल्यावर विझतो तो याचमुळे. काटा पाहायचा तर सपाट जागी, गाडी सरळ उभी करून, चावी फिरवल्यावर थोडे थांबून पाहावा.

जुन्या बुलेटला काटाच नव्हता. टाकीखाली कॉक असे. गाडी आचके द्यायला लागली की डाव्या हाताने कॉक रिझर्व्हवर फिरवायचा. आतल्या नळीची उंची ठरलेली असल्याने किती पेट्रोल उरले हे नक्की माहीत असे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत तो कॉक नाही. 'गाडी रिझर्व्हला लागली' असे आपण अजूनही म्हणतो, पण तो दिवाही फ्लोट किंवा सेन्सरच्या अंदाजावरच लागतो. आणखी एक गोष्ट म्हणजे या गाड्यांचा पंप टाकीतच असतो आणि भोवतीच्या पेट्रोलने थंड राहतो. सतत तळाच्या पेट्रोलवर गाडी चालवली तर पंप तापतो आणि त्याचे आयुष्य कमी होते.

काही मीटरवर 'अजून इतके किलोमीटर जाल' असा आकडा दिसतो. तो मागच्या काही किलोमीटरच्या सरासरीवर काढलेला असतो. पुढे खिंड आहे, समोरून वारा आहे, मागे सहप्रवासी आणि सामान आहे, हे त्याला कळत नाही.

३६५ किलोमीटरचे गणित

समजा, टाकी १५ लिटरची आहे आणि गाडी लिटरला ३० किलोमीटर देते. कागदावर ४५० किलोमीटर होतात. तांदीहून ३६५ किलोमीटरला सव्वाबारा लिटर पुरेल, पावणेतीन लिटर उरेल. पण चढ, खराब रस्ता आणि खालच्या गिअरमुळे सरासरी २५ वर आली, तर याच अंतराला १४.६ लिटर लागते. उरते अर्ध्या लिटरहून कमी. एक रस्ता चुकला, एक वळसा पडला, की संपले. मधल्या ढाब्यांवर कधी सुटे पेट्रोल मिळते, पण ते शुद्ध असेल याचा भरवसा नाही.

एका घोटाची किंमत

पेट्रोल संपले की मित्राच्या गाडीत नळी घालून तोंडाने ओढून काढायचे, ही आपल्याकडची सर्रास रीत. पेट्रोल पातळ आणि चटकन पसरणारे असते. नळीतून ते अचानक तोंडात येते, ठसका लागतो आणि त्या क्षणी काही थेंब श्वासनलिकेत जातात. फुप्फुसातले सूक्ष्म वायुकोश उघडे ठेवणारा एक पातळ थर असतो. पेट्रोल तो थरच बिघडवते. वायुकोश मिटतात, सूज येते. यालाच रासायनिक न्यूमोनिया म्हणतात. त्यासाठी पेलाभर पेट्रोल लागत नाही, चमचाभरही पुरे होते.

सुरुवातीला फक्त खोकला आणि तोंडात जळजळ असते. माणूस चूळ भरतो आणि पुढे निघतो. काही तासांनी ताप, छातीत दुखणे, धाप सुरू होते. समुद्रसपाटीला हे जितके धोक्याचे, त्याहून सरचू किंवा पांगला अधिक. ही ठिकाणे ४,२०० मीटरच्या वर आहेत. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. निरोगी फुप्फुसांनाही तिथे ओढाताण करावी लागते, मग सुजलेल्यांचे काय? शिवाय पेट्रोलच्या वाफेने डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. उंचीवरच्या आजाराचीही लक्षणे हीच. त्यामुळे खरे कारण ओळखायला उशीर होऊ शकतो.

असे घडलेच तर उलटी करवू नये. मिठाचे पाणी देऊ नये. उलटी होताना तेच पेट्रोल पुन्हा श्वासात जाऊ शकते. तोंड धुवावे, पेट्रोलने भिजलेले कपडे काढावेत, आगीपासून दूर राहावे. खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल किंवा झोप येत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवून काही तास देखरेखीखाली राहणे शहाणपणाचे. आणि पेट्रोल काढायचेच असेल तर हाताने दाबायचा पंप वापरावा. तो स्वस्त मिळतो आणि सामानात सहज मावतो.

पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवणे हा दुसरा धोका. अंधारात, थकव्यात, तहानेत कोणीही ती तोंडाला लावू शकते. घरी परतल्यावर तीच बाटली लहान मुलाच्या हाती लागते.

किती भरावे, कधी भरावे?

उन्हाळ्यात टाकी पूर्ण भरली तर स्फोट होतो, हा निरोप दरवर्षी मोबाइलवर फिरतो. तो खोटा आहे. पेट्रोल आपोआप पेटायला अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते, नुसत्या उन्हाने तेवढे होत नाही. मात्र पेट्रोल प्रसरण पावते हे खरे. १५ लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले तर पाव लिटरहून थोडे जास्तच वाढते. म्हणून कंपनीने दिलेल्या मर्यादेपर्यंत भरावे, नोझल आपोआप बंद झाल्यावर तोंडापर्यंत ओतायला सांगू नये.

खालची मर्यादा प्रत्येकाने आपल्या गाडीपुरती शोधून काढावी. रिझर्व्हचा दिवा लागला की जवळच्या पंपावर टाकी भरावी आणि किती लिटर बसले ते पाहावे. १३ लिटरच्या टाकीत १० बसले, तर दिवा लागताना सुमारे तीन लिटर शिल्लक होते. दोन-तीनदा असे केले की आपल्या गाडीचा काटा किती खरा, ते कळते. प्रत्येक वेळी टाकी भरल्यावर ट्रिप मीटर शून्य करावे. काट्यापेक्षा हा हिशेब अधिक भरवशाचा.

महामार्गावर पाव टाकी म्हणजे रिकामी समजावी, डोंगराळ आणि विरळ वस्तीच्या भागात अर्धी टाकी म्हणजे रिकामी. लांब टप्प्यासाठी चार-पाच लिटर पेट्रोल घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये, थोडी जागा मोकळी ठेवून, सायलेन्सरपासून दूर बांधावे. रात्री तो कॅन तंबूत किंवा खोलीत आणू नये. रस्त्यात गाडी बंद पडलीच तर ती डावीकडे पूर्ण बाजूला घ्यावी, इंडिकेटर चालू ठेवावेत आणि स्वतः गाडीजवळ न थांबता कठड्यापलीकडे उभे राहावे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कुठेही आणीबाणीत ११२ हे क्रमांक आहेत.

लवकर पेट्रोल भरण्याचा एक फायदा हिशेबात येत नाही. दीड-दोनशे किलोमीटरवर थांबणारा स्वार पाणी पितो, पाठ मोकळी करतो, डोळ्यांना विश्रांती देतो. लुकलुकत्या दिव्याकडे पाहत पंप शोधणारा यातले काहीच करत नाही, उलट वेग वाढवतो आणि त्यात पेट्रोलही जास्त जाळतो.